रेड ५ की मिरर? आधी डेटाची वाटणी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात घरी जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (घरचे सिनेमे-गाणी टीव्ही-मोबाइलवर दाखवणारा सर्व्हर) चालवता. साधारण ३ टीबी डेटा जमलाय. त्यात सिनेमे आणि मालिका आहेत, गाण्यांच्या सीडींच्या कॉपी आहेत, आणि स्वतःच्या लग्नापासून लेकीच्या गॅदरिंगपर्यंतचं घरचं सगळं चित्रीकरण आहे. आता ४ टीबीच्या तीन डिस्क घेऊन रेड ५ करावं (डेटा असा विभागायचा, की एक डिस्क मेली तरी तो भरून काढता येतो), की ८ टीबीच्या दोन घेऊन मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा)? रेड केल्यावर वेगळा बॅकअप लागतो का? आणि तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर डेटा ठेवणारं डिस्कचं तयार उपकरण) घेतलेला बरा का? शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की चिपळूणच्या घरी माळ्यावर अजून काही कॅसेट पडून आहेत, त्यांचं सवडीने बघू.

फोटो स्टुडिओ, लग्नाचं शूटिंग करणारी मंडळी आणि तुमच्यासारखी घरं, यांच्यासाठी स्टोरेज बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजी वाटली ती त्या माळ्यावरच्या वाक्याची. त्याकडे येतोच. आधी जे विचारलंत ते.

रेड केल्यावरही बॅकअप लागतो. रेड एवढंच करतं, की एखादी डिस्क मेली तरी सर्व्हर बंद पडत नाही. दुकानाचं बिलिंग किंवा स्टुडिओचं एडिटिंग चालू असतं तिथे याला मोल आहे, कारण तासभर काम थांबलं तरी पैसे जातात. पण माझ्याकडे डेटा गेला म्हणून जे लोक येतात, त्यांच्यात डिस्क मेलेल्यांच्या जोडीने इतर कारणांचेही पुष्कळ असतात. कोणीतरी चुकून फोल्डर उडवलेला असतो, मशीन फॉरमॅट करताना भलतीच डिस्क निवडलेली असते, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलेलं असतं, पॉवर सप्लाय जळताना सगळ्या डिस्क बरोबर घेऊन गेलेला असतो, नाहीतर घरात पाणी शिरलेलं असतं. यातल्या एकाही प्रसंगात रेड कामी येत नाही. तुम्ही फोल्डर उडवलात की मिररच्या दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी उडतो.

आता तुमचेच आकडे मांडून बघा. ४ टीबीच्या तीन डिस्कचं रेड ५ केलं की वापरायला ८ टीबी मिळतात. ८ टीबीच्या दोन डिस्कचं मिरर केलं तरी ८ टीबीच मिळतात. दोन्हीकडे बॅकअप शून्य. आणि त्याच ८ टीबीच्या दोन डिस्क वेगवेगळ्या वापरल्या, एक सर्व्हरमध्ये आणि दुसरी बॅकअपला, तर जागा तेवढीच मिळते आणि वर सगळ्या डेटाचा पूर्ण बॅकअप पदरात पडतो. माझा सल्ला हाच आहे. सर्व्हरमधली डिस्क मेली तर नवी येईपर्यंत दोन-चार दिवस घरात सिनेमा बघता येणार नाही. घराला तेवढं सोसतं.

अर्थात हे परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या सर्व्हरवर तुमचं कामही चालत असेल, म्हणजे ऑफिसच्या फायली, क्लायंटचे प्रोजेक्ट, तर मिरर करा. पण मग डिस्क तीन घ्या, तिसरी बॅकअपला. डेटा २० टीबीच्या पुढे गेला की एका डिस्कचा हिशोब बसत नाही, तिथे रेड ६ किंवा स्नॅपरेडसारख्या, एक-दोन डिस्क मेल्या तरी डेटा वाचवणाऱ्या गोष्टींचा विचार होतो. पैसे फक्त दोनच डिस्कचे असतील, तर मात्र मिररला नाही म्हणा.

मात्र डिस्क निवडण्याआधी एक काम करा. डेटाची वाटणी करा. एका बाजूला पुन्हा मिळू शकतं ते ठेवा: सिनेमे, मालिका, ज्या सीडी-डीव्हीडी कपाटात शाबूत आहेत त्यांच्या कॉपी. दुसऱ्या बाजूला जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते: लग्न, बारसं, आजीने सांगितलेल्या गोष्टी, लेकीचं पहिलं पाऊल. मी ज्या घरांत ही वाटणी करून बघतो, तिथे दुसरी बाजू लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच लहान निघते. मिनीडीव्हीची (कॅमकॉर्डरमधली छोटी डिजिटल) तासाभराची कॅसेट उतरवली की साधारण १३ जीबी होतात. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेमने केलेलं शूटिंग मिनिटाला १७० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे तासाला १० जीबी. यावरून तुमचं घरचं सगळं मिळून ५००-६०० जीबीच्या आत बसावं. ३ टीबीच्या तीन-चार प्रती सांभाळणं खर्चिक आहे. ६०० जीबीच्या चार प्रती सांभाळणं अजिबात कठीण नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम तुम्ही वाचला असेल. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तो रूढ केला. तो सगळ्या ३ टीबीला लावायला गेलात तर खर्च बघून हात आखडाल आणि काहीच होणार नाही. घरच्या ६०० जीबीला लावा. सिनेमांना बॅकअप डिस्कवरची एक साधी कॉपी पुरे.

आता खरेदी. डिस्क घेताना डेटाशीटवर सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी लिहिणारा प्रकार) लिहिलंय ना, ते बघा. दुसरा प्रकार एसएमआर. त्यात जागा वाचवायला डिस्कवरचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात आणि मोठ्या लेखनात डिस्क रांगायला लागते. वेस्टर्न डिजिटलच्या, नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. नंतर कंपनीने त्या मालिकेतल्या सीएमआर डिस्क ‘प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ मालिकेत सीएमआर मिळतं, स्वस्त बाराकुडामध्ये बऱ्याच क्षमता एसएमआरच्या आहेत. सर्व्हरमधली डिस्क सीएमआरच घ्या. बॅकअपची एसएमआर असली तरी चालेल, फक्त पहिली कॉपी रेंगाळेल.

दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्या आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का ते त्याच दिवशी तपासा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क, आतली किती तास चालल्याची नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं. त्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्तीत ती वाचता येते. तिथले चालू तास आणि नेहमीच्या स्मार्ट नोंदीतले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) तास जुळत नसतील तर डिस्क परत करा.

नवी डिस्क आली की लगेच डेटा भरू नका. स्मार्टची लाँग टेस्ट लावा. ८ टीबीची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बारा तासांच्या वर लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. टेस्ट झाल्यावर मी तक्त्यात चारच ओळी बघतो. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे संशयित सेक्टर, ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. १९८ म्हणजे वाचताच न आलेले. नव्या डिस्कवर या तिन्ही ओळींचा शेवटचा आकडा शून्य हवा, एकही चालवून घेऊ नका. चौथी ओळ १९९ ची. तिथे आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. बहुतेक वेळा केबलच सैल किंवा खराब असते, आणि लोक विनाकारण चांगली डिस्क टाकून देतात. पुढे दर महिन्याला याच ओळी बघत जा. १९७ हलायला लागली की बॅकअप ताजा आहे ना ते आधी बघायचं आणि मग डिस्क बदलायची.

फाइल सिस्टिमचं, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीचं, थोडक्यात सांगतो. साध्या ईएक्सटी४ वर एखादी फाइल गुपचूप बिघडली तर ते सिस्टिमला कळत नाही. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (बिघाड ओळखायची खूण) ठेवतात. एकट्या डिस्कवर त्यांना बिघडलेली फाइल दुरुस्त करता येणार नाही, पण कुठली बिघडली ते नाव घेऊन सांगतील, आणि ती तुम्ही बॅकअपमधून आणाल. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या ब्लॉकची तपासणी, लावा. शिवाय स्नॅपशॉट (त्या त्या क्षणी डेटा होता तसा राखलेला) मिळतात, त्यामुळे चुकून उडवलेला फोल्डर बॅकअपपर्यंत न जाताही परत येतो. लिनक्सशी फार सलगी नसेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस या तयार सिस्टिममध्ये हे सगळं ब्राउझरमधून करता येतं.

बॅकअपच्या बाबतीत एका गोष्टीवर मी अडून बसतो: सिंक (दोन जागा तंतोतंत सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. एका स्टुडिओत रोज रात्री मुख्य डिस्कचं दुसऱ्या डिस्कशी सिंक होत होतं. कोणीतरी दुपारी एका लग्नाचा फोल्डर जागा करायला म्हणून उडवला. रात्री सिंकने आपलं काम चोख केलं आणि दुसरीकडूनही तो उडवला. आठवड्याने अल्बमसाठी फोटो मागितले तेव्हा कळलं. सिंकने इथे काहीच चुकीचं केलं नव्हतं, त्याला सांगितलं होतं तेच त्याने केलं. म्हणून घरच्या डेटाला रेस्टिक किंवा बोर्गसारखं साधन वापरा, जे जुन्या आवृत्त्या राखून ठेवतं. सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या आवृत्त्या ठेवा. चित्रीकरण सहसा बदलत नाही, त्यामुळे यात जागा फारशी वाढत नाही. सिनेमांना आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाची साधी कॉपी चालेल, पण ‘डिलीट’चा पर्याय लावू नका. जेलीफिनचे कॉन्फिगरेशनचे आणि डेटाचे फोल्डरही बॅकअपमध्ये घ्या. सिनेमांच्या मानाने ते छोटे असतात, पण कोणी काय कुठपर्यंत पाहिलं, कुठल्या सिनेमाचं पोस्टर कुठलं, हे सगळं त्यात असतं.

बॅकअपची ८ टीबी डिस्क यूएसबी डॉकमध्ये किंवा बंदिस्त केसमध्ये ठेवा आणि बॅकअप झाला की काढून घ्या. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, तो बंद केला की झालं. सतत जोडलेल्या डिस्कवर रॅन्समवेअरही पोचतं आणि विजेचा झटकाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, एवढा नेम पुरतो.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असा मोडचा स्विच असतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि इको मोडमध्ये इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पंखा-दिव्याला ते जाणवतही नाही, सर्व्हर मात्र मध्येच बंद पडतो, आणि त्या क्षणी काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. स्विच यूपीएसवर ठेवा. त्याहून बरं म्हणजे सर्व्हरला आणि राउटरला एक छोटा वेगळा यूपीएस घ्या, ज्याला यूएसबी पोर्ट आहे. नट नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्या पोर्टवरून बॅटरी किती उरली ते वाचतं आणि संपण्याआधी सर्व्हर रीतसर बंद करतं.

तयार नॅस की जुना डेस्कटॉप, हे बरंचसं वीजबिलावर ठरतं. ४५ वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला की महिन्याला ३२ युनिट होतात. दोन डिस्कचा छोटा नॅस १५-२० वॅटमध्ये भागवतो. पण त्या फरकातून नॅसची किंमत वसूल व्हायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून आहे तो डेस्कटॉप नीट चालत असेल तर चालू द्या. काहीही घेतलंत तरी राउटरवर पोर्ट उघडून ते थेट इंटरनेटवर टाकू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीची जी घरगुती नॅस उपकरणं गाठली, ती इंटरनेटवर थेट उघडी होती. बाहेरून सिनेमा बघायचाच असेल तर टेलस्केल (तुमच्याच उपकरणांचं खासगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर) लावा. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही, तिथेही ते चालतं.

इथवरचा हिशोब असा झाला: एक सीएमआर डिस्क सर्व्हरमध्ये, एक बॅकअपला, वेगळा यूपीएस, रविवारी बॅकअप. राहिली घराबाहेरची प्रत, आणि त्यात तुमचं चिपळूणचं घर उपयोगी पडतं.

२ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्या. दोन्हींवर फक्त घरचा डेटा, रेस्टिकने घेतलेला. रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करूनच ठेवतं, त्यामुळे डिस्क प्रवासात हरवली तरी कोणाला काही दिसणार नाही. एक डिस्क चिपळूणला ठेवा, एक पुण्यात. गणपतीला जाताना पुण्याची ताजी करून न्या आणि तिथली घेऊन या. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. हे दोन सण तुमच्याकडे चुकत नसणार, म्हणून वेगळी आठवण ठेवावी लागत नाही, आणि दोन्ही डिस्क वर्षातून दोनदा तरी चालू होतात. बंद पडून राहिलेली डिस्क अधूनमधून चालवून, तपासून घेतलीच पाहिजे.

पण ती डिस्क तिथे तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा काय झालं ते तुमच्या घरच्यांना मी सांगायची गरज नाही. पाण्यातून काढलेल्या डिस्क माझ्याकडेही आल्या होत्या. चिखल सर्किटवर वाळलेला, त्यातून डेटा निघेल की नाही हे लॅबमध्ये उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि लॅबचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असतो. वरच्या मजल्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात त्या पुड्या बदलाव्या लागतात.

मधल्या सहा महिन्यांत नवं जे जमेल त्यासाठी क्लाउडवर थोडी जागा विकत घ्या. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत जागा बंद केली, तेव्हा मोफतच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. अपलोड चांगला असेल तर सगळे ६०० जीबीही वर ठेवता येतील. ४० एमबीपीएसला ते सलग ३३-३४ तासांचं काम आहे, आणि बऱ्याच फायबर प्लॅनच्या महिना ३३०० जीबीच्या मर्यादेत आरामात बसतं.

रेस्टिकचा पासवर्ड मात्र सर्व्हरवरच लिहून ठेवू नका. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा, कोणीही तो उघडून देऊ शकत नाही. कागदावर लिहा, एक प्रत पुण्यात कागदपत्रांच्या फाइलमध्ये, एक चिपळूणला. डिस्कच्या डब्यात नव्हे. आणि घरात आणखी एकाला तरी हे सगळं कुठे आहे आणि परत कसं आणायचं ते करून दाखवा. गणपतीला डिस्क बदलताना तिच्यातून एखादा मोठा व्हिडिओ लॅपटॉपवर परत आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघा. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश मी पुरावा मानत नाही. परत आलेला आणि चाललेला व्हिडिओ मानतो.

आता माळा. वर सांगितलेलं सगळं ज्या डेटासाठी, त्याच्या निदान एक-दोन प्रती आज आहेत. माळ्यावरच्या कॅसेटची एकच प्रत आहे, ती चुंबकीय फितीवर आहे, आणि ती दमट हवेत आहे. कोकणात अशा फितींवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पिठासारखे ठिपके दिसतात. तशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, फीत तुटू शकते आणि बुरशी प्लेअरच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. तिला आधी सफाई लागते, ती जाणकाराकडून करून घ्या. दुसरं म्हणजे चालवायचं यंत्र. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी, फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आज जे व्हीसीआर आहेत ते सगळे जुने आहेत आणि दरवर्षी कमी होताहेत. म्हणून पैसे बेताचे असतील तर बॅकअपच्या ८ टीबी डिस्कऐवजी सध्या एकच २ टीबी पोर्टेबल घ्या आणि वाचलेले पैसे कॅसेट उतरवण्यात घाला. सिनेमे थांबतील, फिती थांबणार नाहीत.

मिनीडीव्ही असतील तर कॅमेऱ्यातून फायरवायरनेच (जुन्या कॅमेऱ्यांची कॉम्प्युटरला जोडायची डिजिटल केबल) उतरवा. त्यात फितीवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा येतो. टीव्हीच्या तारेने उतरवलं तर विनाकारण दर्जा जातो. व्हीएचएसला हा मार्ग नाही, तिथे कॅप्चर उपकरण लागतं. उतरवलेली मूळ फाइल दाबून लहान न करता ठेवा, बघायला हवी तर वेगळी छोटी प्रत बनवा. आणि उतरवून झाल्यावरही कॅसेट टाकू नका. माळ्यावरून काढून कोरड्या कपाटात उभ्या ठेवा.

पुढच्या खेपेला कॅसेटचे फोटो काढा, लेबल आणि खिडकी दोन्ही दिसतील असे, आणि व्हीएचएस किती, मिनीडीव्ही किती ते मोजून कळवा. सोबत अपलोडचा वेग आणि डेस्कटॉपमध्ये साटाचे किती पोर्ट मोकळे आहेत तेही लिहा, म्हणजे नेमकं काय मागवायचं ते सांगता येईल. फायरवायरचं कार्ड लागणार असेल तर तुमच्या मदरबोर्डवर कुठला स्लॉट मोकळा आहे हे बघूनच घ्यावं लागेल.